खालून न पाहिलेली गाडी

१२ जानेवारी

चि. मात्रा,

या पत्रात आशीर्वाद घालत नाही. मागच्या दोन पाकिटांतले आशीर्वाद तू न फोडताच परत पाठवलेस. पोस्टमन म्हणाला, "काका, पत्ता बरोबर आहे, पण घेणारं माणूस तयार दिसत नाही." म्हणून या खेपेला पाकिटाच्या बाहेरच मोठ्या अक्षरांत 'गाडीबद्दल' असं लिहिलंय. गाडीबद्दलचं पत्र तू फोडल्याशिवाय राहणार नाहीस. तेवढी मी तुला ओळखतो.

माफी मागायला हे पत्र नाही. तू गेलीस त्या सकाळबद्दलही यात काही नाही. मला एक स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, सेकंडहँड, दोन दारांची. सल्ला हवाय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मी थांबतो.

झालं? आता ऐक.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डावा डोळा दीड वर्ष धकेल. दीड वर्षानं परवान्याचं नूतनीकरण आहे, त्या चाचणीत मी नक्की नापास होणार. मी विचारलं, "म्हणजे दीड वर्ष चालवू शकतो?" त्या म्हणाल्या, "दिवसाउजेडी, जपून." जपून हा शब्द त्या माणसांना म्हणतात की गाड्यांना, ते मी विचारलं नाही.

तुला ठाऊक आहे, चौतीस वर्षं मी विमा कंपनीत सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या गाड्या पाहायच्या, नुकसान किती ते लिहायचं, आणि दुरुस्तीचा खर्च किमतीच्या वर जात असेल तर 'टोटल लॉस' असा शेरा मारून मोकळं व्हायचं. त्या काळात मी शेकडो स्पोर्ट्स कारमध्ये बसलो, पण त्या मोडल्यानंतर. काच शाबूत असलेल्या अशा एकाही गाडीत हा माणूस बसलेला नाही. हे मी तुझ्या दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुमचं वय काय, गुडघे काय, आणि ती गाडी जमिनीपासून वीतभर उंच!"

म्हटलं, "मीसुद्धा आता जमिनीपासून फार वर राहिलेलो नाही."

सूनबाई हसली. दादा नाही हसला. त्यानं विमा पॉलिसीच्या पैशांचा विषय काढला, बँकेचा काढला, मग माझ्या एकट्यानं राहण्याचा काढला. शेवटी मी अट घातली. गाडी घ्यायची, दीड वर्षानं विकायची. घेतली त्याच्या नव्वद टक्के तरी आले पाहिजेत. आले तर मी या दोन खोल्यांत माझा मी राहणार, कुणी 'चला आमच्याकडे' म्हणायचं नाही. नाही आले तर घर विकून मुकाट त्याच्याकडे जायचं, त्या मागच्या खोलीत, जिथे इस्त्रीचं टेबल आणि सायकल ठेवतात.

तो म्हणाला, "लिहून द्या." दिलं. सही केली. सही करायला मी कधीच मागेपुढे पाहिलेलं नाही.

तेव्हा अशी गाडी सांग जिची किंमत टिकते. तू रोज माणसांना गाडी शिकवतेस, तुझ्या शाळेच्या तीन गाड्या आहेत, दादानं सांगितलं. मला आनंद झाला की नाही, ते या पत्राचा विषय नाही.

बाबा

२५ जानेवारी

चि. मात्रा,

तुझं कार्ड आलं. शाळेचं छापील कार्ड, मागे एक ओळ: 'जिची कागदपत्रं पूर्ण आणि किलोमीटर कमी ती घ्या.' खाली सहीसुद्धा नाही. मी ते कार्ड कपाटाच्या कडेला टेकवून ठेवलंय. लटकवलं असतं, पण आपल्या घरात भिंतीला खिळा नाही. विकताना भोकं दिसतात म्हणून मी कधी ठोकू दिला नाही. कॅलेंडर तीस वर्षं खुर्चीवर बसून आहे.

पहिली गाडी पाहिली. लाल. एका दाताच्या डॉक्टरांची. अकरा वर्षांत नऊ हजार किलोमीटर. गॅरेजमध्ये गालिचा, गालिच्यावर गाडी, गाडीवर मऊ कापडाचा झगा. डॉक्टरांनी तो झगा असा उचलला की मी बाहेर जाऊन दार लोटून घ्यावं की काय असं वाटलं.

सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. मी विचारलं, "चालवता कधी?"

"महिन्यातून एकदा सुरू करतो. पाच मिनिटं. मग बंद."

"आणि फिरायला?"

"फिरायला दुसरी आहे ना," ते म्हणाले, "हिला खराब कशाला करायची?"

मला हसू आलं, आणि मग ते अर्ध्यावर थांबलं. हे वाक्य माझं आहे, पोरी. सोफ्याबद्दल, पितळी दिव्याबद्दल, तुझ्या आईच्या त्या जांभळ्या साडीबद्दल मी हेच म्हणायचो.

असो. मी माझ्या पद्धतीनं पाहिली. खिशातलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं, कुठेही पुट्टी नाही. बोनेटच्या फटी दोन्हीकडून सारख्या. टायर झिजलेले नाहीत, पण उभे राहून राहून कडक झालेत, कडेला चिरा पडल्यात. ते बदलावे लागतील. मग इंजिन सुरू करायला सांगितलं आणि डोळे मिटले.

तुला आठवतं का? तू आठ वर्षांची असशील. शाळेत आमच्या मास्तरांनी आम्हांला वृत्तं बाकावर बोटं वाजवून शिकवली होती, आणि मी तुला ती गाडीच्या डॅशबोर्डवर शिकवली. एक लघु, दोन गुरू: यमाता. तसे चार झाले की भुजंगप्रयात. चार सिलिंडरचं इंजिन धडधाकट असेल तर ते उभ्या जागी भुजंगप्रयातात चालतं: यमाता यमाता यमाता यमाता. ऑफिसात सगळे मला हसायचे, पण कुठलं सिलिंडर चुकतंय ते मी बोनेट न उघडता सांगायचो. आणि तू माझ्याही आधी सांगायचीस. "बाबा, तिसऱ्यात मात्रा कमी पडतेय!" म्हणून तर तुझं नाव मात्रा पडलं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आता मलाच आठवून लिहावं लागतं.

तर लाल गाडी. काय सांगू, ती गद्यात बोलते. गुळगुळीत, शहाणी, एकही अक्षर घसरत नाही आणि एकही लक्षात राहत नाही. कानाला काही लागेचना. पण बाजारात हिचे भाव पडणार नाहीत. अशा गाड्या पुढे बनल्याच नाहीत. दीड वर्षानं नव्वद काय, शंभर टक्के येतील.

हिरवी एक पाहायची राहिलीय. बुधवारी जातो.

बाबा

४ फेब्रुवारी

चि. मात्रा,

तुझं दुसरं कार्ड: 'लाल घ्या.' दोन शब्द. तू इथे असताना बोलायचीस तेव्हा घड्याळाची टिकटिक ऐकू यायची नाही, आणि आता शब्द तारेसारखे मोजून पाठवतेस.

हिरवी पाहिली. एका टर्नरची. लेथ मशीनवर चाळीस वर्षं काम केलेला माणूस, वय सत्तरीच्या आसपास, तळहात चामड्यासारखे. वर्कशॉपमध्ये गाडी उभी, शेजारी लेथ, लोखंडाच्या कुरळ्या कातरणाचा ढीग. झगाबिगा काही नाही. गाडीच्या टपावर त्यानं जेवणाचा डबा ठेवला होता.

एक लाख ऐंशी हजार किलोमीटर. सीट उसवून शिवलेली. स्टीअरिंगचं चामडं जिथं हात धरतात तिथं पार गुळगुळीत. मी विचारलं, "का विकताय?"

"बसता येतं हो," टर्नर म्हणाला, "उठता येत नाही. परवा बाजारात अर्धा तास आत बसून राहिलो. लोकांना वाटलं, ऐटीत बसलोय."

आतून त्याची बायको ओरडली, "ऐटच ती! हाका मारायला लाज वाटत होती!"

त्यानं किल्ली फिरवली. मात्रा, डोळे मिटायचीसुद्धा गरज पडली नाही. यमाता यमाता यमाता यमाता. गार असताना तिसरा गण किंचित अडखळतो, आणि मग चारही असे लागतात की मास्तरांनी बाकावरची छडी खाली ठेवली असती. मी वर्कशॉपच्या दारात उभा होतो, एकाहत्तर वर्षांचा, आणि माझी बोटं आपोआप दाराच्या चौकटीवर वाजत होती.

पण तिचे कागद ठीक नाहीत. लालच घेतो. दाताच्या डॉक्टरांना तसं कळवलंय, शनिवारी बयाणा देणार.

बाबा

१३ फेब्रुवारी

चि. मात्रा,

तुझं कार्ड आलं. या खेपेला तीन ओळी, म्हणजे तुझ्या हिशोबानं कादंबरीच: 'हिरवीचे कागद का ठीक नाहीत ते लिहिलं नाहीत. तुम्ही गाडीबद्दल कधी अर्धवट लिहीत नाही. काय लपवताय?'

शनिवारी मी बयाणा दिला नाही. दाताच्या डॉक्टरांना खोटं सांगितलं की दाढ दुखते. त्यांनी लगेच खुर्चीवर बसवून तपासली. दाढ ठणठणीत निघाली. तसाच उठून घरी आलो.

आता लिहितो. तू विचारलंस म्हणून.

टर्नरनं मला फाईल दाखवली. गाडी त्यानं नीट अशी घेतलेलीच नाही. ठोकलेली गाडी भंगारातून उचलली आणि दोन वर्षं खपून उभी केली. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. फाईलमध्ये विम्याच्या सर्व्हे रिपोर्टची प्रत होती. 'चेसिस वाकलेली. दुरुस्तीयोग्य नाही. टोटल लॉस.' हा शेरा एकदा नोंदीत गेला की गाडी कितीही नीट होवो, तो तिच्या मागे राहतो. पुढचा घेणारा नोंद काढतो, शेरा वाचतो आणि निम्मा भावही देत नाही.

टर्नर म्हणाला, "साहेब, चेसिस वाकलेली नव्हतीच. मी दोरी लावून पाहिली, ओळंबा धरून पाहिला. केसभर फरक नाही. पुढचा आडवा पट्टा तेवढा मुडपला होता. ज्यानं हे लिहिलं तो गाडीखाली गेलाच नाही. इस्त्रीची पँट असणार बघा बेट्याची."

मी प्रत हातात घेतली. अक्षर पाहिलं. 'य'चं शेपूट मी असं वळवतो. सही माझी आहे.

मी त्याला ते सांगितलं नाही. "कागदांचा घोळ आहे," एवढं म्हणून बाहेर पडलो. आणि तुलाही तेच लिहिलं.

त्या दिवशी काही विशेष घडलं नव्हतं. मी आजारी नव्हतो, कुणी मेलं नव्हतं. यार्डात गाडी उभी होती, खाली तेलाचं थारोळं होतं, आणि सहा वाजता रेडिओवर कवितावाचन लागायचं. ते मला चुकवायचं नव्हतं. पुढचा भाग इतका चेपला होता की चेसिस वाकलेलीच असणार, असं मी धरून चाललो. वाकून पाहिलं नाही, उभ्या उभ्या लिहिलं. आणि घरी येऊन डोळे मिटून कविता ऐकली. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं असेल. मला कवितेनं फार चटकन येतं, तू जाणतेसच.

आता दुसरं. हे लिहिणार नाही असं पहिल्या पत्रात म्हटलं होतं. पण एक सही कबूल केल्यावर दुसरी दाबून ठेवायची, हा भेकडपणा मला जमत नाही.

तू नवऱ्याचं घर सोडून आलीस, दोन बॅगा घेऊन. चौदा महिन्यांनी. काय झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा मामा आला होता. आम्ही बाल्कनीत उभे होतो, तू आत बेसिनपाशी तोंड धूत होतीस. मामा म्हणाला, "आता हिचं पुढे काय?" आणि मी म्हणालो:

"काय होणार. एकदा नोंदणी झालेली, वर्षभर वापरून परत आलेली. रीसेलला आता काय येणार?"

मामा हसला. मीही हसलो.

नळ चालू होता. मला वाटलं, तुला ऐकू गेलं नसेल. मग नळ बंद झाला. तू लगेच बाहेर आली नाहीस. बऱ्याच वेळानं आलीस ती हातात बॅगा घेऊनच.

तुझी आई शेवटपर्यंत मला विचारत राहिली, "असं काय बोललात हो तिला?" मी दर वेळी म्हणायचो, "काही नाही." ती तुला पत्र लिहायची आणि तळाशी माझ्यासाठी चार ओळींची जागा सोडायची. मी तिथे 'सर्व ठीक' लिहायचो. आता ती जाऊनही सहा वर्षं झाली, आणि तिला ते वाक्य कळलंच नाही.

तो विनोद होता, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आलो. धंद्यातली भाषा, तोंडात बसलेली. तसं काही नव्हतं. विनोद माणूस समोर असताना करतात. मी तुझ्यावर शेरा मारला. काय मोडलंय, काय शाबूत आहे, न बघता, उभ्या उभ्या. तो शेरा तुझ्या नोंदीत गेला, आणि मामानं तो पुढे किती घरांत पोचवला, ते मला माहीत आहे.

उत्तर नको. तू विचारलंस, 'काय लपवताय.' हे लपवत होतो.

बाबा

२८ फेब्रुवारी

चि. मात्रा,

तुझं कार्ड आलं नाही. रोज अकरा वाजता जिन्यात उभा राहतो, पोस्टमन हात हलवून दाखवतो. ठीक आहे. उत्तर नको असं मीच लिहिलं होतं, पण लिहिलेलं सगळंच पाळलं पाहिजे असं कुठे आहे?

पुढची हकीकत तरी सांगतो. वाचू नकोस हवं तर.

सोमवारी मी माझ्या जुन्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक बाई होत्या, फार सभ्य. म्हटलं, "पंधरा वर्षांपूर्वीचा एक शेरा चुकलाय, तो काढायचा आहे."

"गाडी तुमची आहे का, आजोबा?"

"नाही. शेरा माझा आहे."

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या, आणि म्हणाल्या, "सही करण्याचा फॉर्म असतो. सही मागे घ्यायचा फॉर्म नाही आमच्याकडे."

"मग करा एक."

"तसं होत नाही हो."

मी तिथेच बाकावर बसून कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. त्यांनी पोच दिली, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "याचं काही होणार नाही, बरं का." म्हटलं, "शिक्का ठळक मारा."

तिथून तडक टर्नरकडे. तो लेथवर होता. मी म्हटलं, "मशीन बंद करा. इस्त्रीची पँट घातलेला तो मी."

त्यानं मशीन बंद केलं. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पँटकडे. त्याही दिवशी इस्त्रीची होती, सवयच ती. मला वाटलं, हा आता पाना फेकून मारतो. त्यानं कोपऱ्यातलं पोतं आणलं, गाडीपाशी अंथरलं, गाडी चारी बाजूंनी स्टँडवर चढवली आणि म्हणाला, "मग आता वाका."

मी वाकलो. वाकलो कसला, आधी गुडघा, मग कोपर, मग कूस, मग पाठ, असा हप्त्याहप्त्यानं आडवा झालो. तोही शेजारी सरपटत आला. आम्ही दोघे म्हातारे गाडीखाली उताणे, हातात बॅटरी. त्यानं दोरी धरली. पुढून मागे, कोपऱ्यातून कोपऱ्यात. मी डावा डोळा मिटून उजव्यानं पाहिलं. चेसिस सरळ होती, मात्रा. आखून दिल्यासारखी सरळ. पुढच्या पट्ट्याला त्यानं दिलेला जोड इतका बेमालूम होता की बोटांनी शोधावा लागला.

"दिसलं?" तो म्हणाला.

"दिसलं."

"पंधरा वर्षं लागली."

मग तोच म्हणाला, "एक सांगू? तुम्ही तेव्हा वाकला असतात तर ही मला मिळाली नसती. माझ्या खिशाला परवडणारी गाडीच नव्हती ही. तुमच्या आळसावर मी तेरा वर्षं मजा केली."

त्यानं ते मोठ्या मनानं म्हटलं. पण ते समाधान मी घेतलं नाही. त्याला तसं सांगितलंही. ज्यानं ती उभी केली, श्रेय त्याचं. तू तिकडे तीन गाड्या घेऊन उभी राहिलीस, त्यातही माझ्या वाक्याचा काडीचा वाटा नाही. असं कुणी म्हणालं, मी स्वतःही कधी म्हणालो, तर ऐकून घेऊ नकोस.

यानंतर आमच्यापैकी कुणालाच उठता येईना. तो आधी हसायला लागला, मग मी. शेवटी त्याची बायको आली. "काय चाललंय? दोन पाय आत गेले होते, चार कसे झाले?" तिनं आम्हांला पाय धरून ओढून काढलं. माझ्या पँटचा पार निकाल लागला.

गाडी घेतली. घासाघीस केली नाही. तो म्हणाला, "साहेब, विचार करा, विकताना हिचे काही यायचे नाहीत." म्हटलं, "मला सांगताय?"

संध्याकाळी दादा आला. खाली पार्किंगमध्ये खांबाला टेकून उभा. "बाबा, लाल घ्यायची ठरली होती ना?"

"ठरली होती."

"या गाडीची नोंद पाहिलीत?"

"लिहिलीय मीच."

त्याला सगळं सांगितलं. तुझं नाही, गाडीचं. तुझं सांगायचं की नाही ते तू ठरव. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही हरलात. आत्ताच. दीड वर्ष थांबायचीसुद्धा गरज नाही."

"हरलो. दीड वर्षानं घर विकू. इस्त्रीचं टेबल हलवून ठेव. सायकल राहू दे, तिची मला सोबत होईल."

"पण का?" तो चिडून ओरडला. "सगळं आयुष्य किंमत बघण्यात घालवलंत, आणि आता?"

मी म्हटलं, "आता आयुष्यात एक तरी वस्तू अशी हवीय की जी मला कुणाला विकता येणार नाही. आणि तिला माझ्यापासून सुटका नाही. दोघं एकमेकांच्या गळ्यात."

त्या तिरीमिरीत मी एक कविता केली, चक्क भुजंगप्रयातात. बोटं वाजवून पाहा:

म्हणो लोक सारे, तुझी हौस वेडी
विकेना कुणाला, तरी हीच गाडी

यमक जरा ओढून आणलंय. मास्तरांनी अर्धा गुण कापला असता. कापू देत.

आणि घरात खिळा ठोकला. समोरच्या भिंतीत, बरोबर मध्यभागी. प्लास्टरचा बशीएवढा पोपडा पडला. किल्ली त्याला अडकवली, आणि किल्लीच्या मागे तुझी तीन कार्डं.

बाबा

१८ मार्च
तुझ्या शाळेसमोरचं लॉज, पहिला मजला

चि. मात्रा,

हे पत्र पोस्टानं नाही. लॉजचे मालक रस्ता ओलांडून तुझ्या काउंटरवर ठेवणार आहेत. त्यांनी विचारलं, "स्वतःच जा की, वीस पावलं आहेत." म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा.

तीनशे चाळीस किलोमीटर आलो. दोन दिवस घेतले, दिवसाउजेडीच चालवली. डॉक्टरीणबाईंना कळव हवं तर. मला ट्रकवाल्यांनी मागं टाकलं, एका ट्रॅक्टरनंसुद्धा. टप उघडा ठेवला होता, टोपी उडाली, ती आणायला थांबलो नाही. शाळेत पाठ केलेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या कविता मोठ्यांदा म्हटल्या. वाऱ्यात दर दुसरं कडवं विसरत होतो. एका रेल्वे फाटकापाशी उभा असताना शेजारच्या मोटरसायकलवरची बाई म्हणाली, "काका, छान म्हणता!" बघ, आणि दादा म्हणतो, पैसे फुकट गेले.

काल दुपारी पोचलो. गाडी तुझ्या फाटकासमोर लावली आणि वर येऊन खिडकीत बसलो. तुला पाहिलं. तू एका जाड्या माणसाला रिव्हर्स शिकवत होतीस. तो कुंपणाकडे चालला होता, तू ओरडली नाहीस, हातसुद्धा हलवला नाहीस. तुझ्या बाजूच्या ब्रेकवर तुझा पाय होता, आणि तरी तू तो दाबत नव्हतीस. वीतभर अंतर राहीपर्यंत थांबलीस. त्यानं स्वतःच थांबवली. मला कधी जमलं नसतं. मी कुंपण यायच्या आधीच नुकसानीचा आकडा सांगितला असता.

मग तू बाहेर आलीस आणि हिरवी गाडी पाहिलीस. मला वाटलं, आता वर बघशील. बघितलं नाहीस. गाडीभोवती एक फेरी मारलीस. बोनेटच्या फटीवरून बोट फिरवलंस. आणि मग फाटकातल्या धुळीत, पांढऱ्या सलवारीनिशी, दोन्ही गुडघे टेकून तू वाकलीस, गाल जवळजवळ जमिनीला लावून, आणि खालून पाहिलंस. चांगली दोन मिनिटं.

हे मी तुला शिकवलेलं नाही.

उठलीस, गुडघे झाडलेस, आत गेलीस. मी काही खिडकीतून हाक मारली नाही. हाक मारायला लाज वाटते, आणि तेवढं खरंच लिहायला हरकत नाही.

आज सकाळी तू बाहेर गेली होतीस तेव्हा मी तुझ्या कचेरीत येऊन गेलो. तुझ्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, शिकायचंय कुणाला?" म्हटलं, मला. "परवाना आहे का?" दाखवला. त्या चक्रावल्या. "मग शिकायचं काय?" म्हटलं, शेजारच्या सीटवर बसायला.

त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तरी वहीत लिहून घेतलं: रोज सकाळी नऊ वाजता, महिनाभर, गाडी विद्यार्थ्याची स्वतःची. नाव विचारलं तेव्हा सांगितलं, 'गाडीबद्दल' असं लिहा, बाईसाहेबांना कळेल.

तू चालवायचीस. मी शेजारी बसणार. या गाडीत शेजारच्याच्या पायाखाली ब्रेक नसतो, हे तुला सांगायला नको. किल्ली या पाकिटात आहे. कार्ड लिहायचे कष्ट घेऊ नकोस, मी बोलणारही नाही. तुला वाटलं तर डॅशबोर्डवर बोटं वाजव, तिसऱ्या गणात काय होतंय ते मला नीट ऐकू येत नाही हल्ली.

उद्या आली नाहीस तर परवा नऊ वाजता मी गाडीत आहे. परवा नाही तर तेरवा. तुझा हा जुना चिवटपणा कुठून आला, ते उद्यापासून तुझ्या फाटकासमोरच बसलेलं दिसेल. पूर्ण महिन्याची फी भरली आहे. काउंटरवर तुझी पाटी लावलेली आहे, 'भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.'

ती मी चष्मा लावून दोनदा वाचली, आणि मग वहीत खाली सही केली.

बाबा